शिवेवरची पत्रावळ

माझे आजोबा उतारे खायचे.

सरळ सांगून टाकते, कारण आमच्या परंदवडीत ही गोष्ट अजूनही निघते. कुणाच्या घरी ताप हटेना झाला की आजाऱ्यावरून दहीभात ओवाळायचा, त्यावर कुंकू माखलेलं अंडं आणि लिंबू ठेवायचं, ऐपत असेल तर नारळही, आणि ऐन दुपारी गावच्या शिवेवर ठेवून मागं न बघता घरी यायचं. दुखणं त्या भातात उतरतं आणि जो त्याला हात लावेल त्याच्याबरोबर जातं, असा सगळा कारभार. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि पाठोपाठ हे काम हाती घेतलं. शिवेवरच्या करंजाखाली नारळ दिसला की उचलायचा, तिथल्याच शेंदूर लावलेल्या दगडावर फोडायचा आणि आम्हा पोरांना खोबरं वाटायचं.

"खावा रं, भिऊ नगा," म्हणायचे. "भित्र्यांचं खोबरं हाय, लय गोड लागतं."

सगळ्यांत जास्त खोबरं माझ्या दादानं खाल्लं असेल. आजोबा चांगले पिकलं पान होऊन गेले आणि दादाला लहानपणी साधी सर्दीही झाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे आमच्या घरात उताऱ्याची भीती नव्हती. होती ती चेष्टाच.

दादा कंटेनरचा ट्रेलर चालवतो. उरणच्या बंदरातून परदेशी माल उचलायचा आणि घाट चढून तळेगावच्या यार्डात आणून सोडायचा. मी तळेगावातच, मालाचे कस्टमचे कागद करून देणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करते. म्हणजे माल कागदावर मी सोडवायचा आणि रस्त्यावर दादानं आणायचा. पहिली टाळेबंदी लागली तेव्हा आमचं ऑफिस घरी आलं. पडवीत लॅपटॉप मांडून, कोंबड्या हाकलत, मी साता समुद्रापलीकडच्या मालाची कामं उरकत होते. आईला त्याचं मोठं हसू यायचं.

नियम रोज सकाळी नवे निघत. परदेशातून आलेल्या जहाजाला, शेवटचं बंदर सोडून चौदा दिवस झाल्याशिवाय धक्क्याला लागू देत नव्हते. तोवर ते बाहेर समुद्रात नुसतं उभं. धक्क्याला लागलं तरी खलाशांनी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. कंटेनर उतरला की त्यावर औषध फवारायचं. तो न्यायला आलेल्या ड्रायव्हरनं केबिनच्या खाली उतरायचं नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, काठीला अडकवून खिडकीतून आत द्यायचे. तपासणारा लांबूनच कंटेनरच्या सीलचा नंबर वाचायचा. माल मात्र थांबता कामा नये, असंही त्याच पत्रकांत लिहिलेलं असे. माल अत्यावश्यक होता. माणूस लांब ठेवायचा होता. मी ती पत्रकं मराठीत करून दादाला फोनवर सांगायचे आणि तो म्हणायचा, "म्हंजी मी जहाजावर हाय आन् जहाज रस्त्यावर हाय, आसंच ना?"

गावानंही आपला नियम केला. शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि त्यासाठी नेमलेल्या समितीची चार माणसं बसवली. बंदरावरून येणाऱ्यानं गावात यायचं असेल तर आधी चौदा दिवस शाळेत राहायचं. दादा शाळेत बसला असता तर गाडी दुसऱ्या कुणाला गेली असती. म्हणून तो केबिनमध्येच राहू लागला. बंदर, घाट, यार्ड, परत बंदर. वाटेत सगळे ढाबे बंद. येताजाता तो गाडी शिवेबाहेर करंजाजवळ थांबवायचा आणि आई तिथं जेवण ठेवायची. घरची भांडी बाहेर गेली की परत आणायची नाहीत असं समितीनं बजावलं होतं, म्हणून जेवण पत्रावळीवर. वर दुसरी पत्रावळ झाकण म्हणून आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर दगड. आई मागं फिरून बाभळीपाशी आली की मग तो उतरायचा आणि शेंदराच्या दगडाशेजारी बसून जेवायचा. आई लांबून बघत उभी राहायची. मी तिला म्हणायचे, बिबट्याला बकरी ठेवून मचाणावर बसल्यासारखी दिसतेस. तिला ते आवडायचं नाही.

त्या दिवसांत दादा फोनवर जे सांगायचा ते ऐकून अंगावर काटा यायचा. एक्सप्रेसवेवर मैलोन् मैल एकही गाडी नाही. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांची शटरं खाली, कुसगावच्या हॉटेलांच्या खिडक्या सगळ्या उघड्या आणि आतले पडदे वाऱ्यानं बाहेर आलेले. घाटात माकडं रस्त्याच्या मधोमध ओळीनं बसलेली असायची. पर्यटकांच्या खाऊवर वाढलेली ती, त्यांना खायला घालणारं कुणी उरलं नव्हतं. "हॉर्न वाजवला तरी उठत न्हाईत," तो म्हणाला. "म्होरं जाऊ देत्यात, पर आधी केबिनमधी वाकून बघत्यात. येकटाच हाय का ते बघत असतील."

मी हसले. तो हसला नाही.

आमच्या समोरच्या घरात एक मावशी आणि तिचे मालक राहायचे. मालकांना सगळं गाव आबा म्हणायचं. मावशी माझ्या आईची बालमैत्रीण म्हणावी इतकी जवळची, पण आबा जुन्या वळणाचे. आमच्या ओट्यावर बसायचे, गप्पा मारायचे, आजोबांबरोबर तर तासन् तास भांडायचे. पण आमच्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. कुणी आग्रह केला की "आत्ताच घेतलं" म्हणायचे. आम्हीही आग्रह करायचं सोडून दिलं होतं. गावात अशी पुष्कळ माणसं असतात, त्यांच्यावर रागवायचं तरी किती.

त्या उन्हाळ्यात आबांना ताप आला. मावशीनं तो लपवला. कळलं असतं तर समितीनं घराला बांबू ठोकले असते आणि आबांना गाडीत घालून नेलं असतं, आणि नेलेली माणसं परत कशी येतात हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. डॉक्टरला बोलावायची सोय नाही, दवाखान्यात न्यायची हिंमत नाही. मग मावशीनं तिच्या आईनं केलं असतं तेच केलं. आबांवरून दहीभात उतरवला. पण उघडा उतारा दिसला की समिती घर शोधत आलीच असती. म्हणून तिनं युक्ती केली. पत्रावळीवर भात घेतला, वर दुसरी पत्रावळ झाकली, तिच्यावर दगड ठेवला. अगदी माझ्या आईच्या जेवणासारखं. बघणाऱ्याला वाटावं, ड्रायव्हर पोराचं जेवण आहे.

आणि नेमकी त्या दिवशी आई उशिरा पोचली. गल्लीत जंतुनाशक फवारत होते आणि सगळ्यांना घरात कोंडून ठेवलं होतं. आई करंजाखाली गेली तेव्हा दादाची गाडी निघून गेली होती. तिथं एक पत्रावळ रिकामी पडलेली. आईला वाटलं, कालची असेल. तिनं आपली ठेवली, तो परतताना खाईल म्हणून.

तिन्हीसांजेला तिनं फोन लावला. स्पीकरवर होता, मी शेजारीच तांदूळ निवडत बसले होते.

"उपाशीच गेलास ना रं?"

"उपाशी कशापायी? जेवलो की. दहीभात लय झ्याक हुता, आये. अंडं कशाला वाया घालवलंस पर? आन् मसाला कसला लावला हुतास त्याला, हाताला लाल लाल लागलं."

मी सूप खाली ठेवलं. आमच्या घरात त्या आठवड्यात अंडं नव्हतंच.

मीच मग त्याला सांगितलं. तिकडून इंजिनाच्या आवाजातच तो खो खो हसला. "मी आज्याचा नातू हाय," म्हणाला. "हज्जार खाल्ल्यात आसले." आईलाही बरं वाटलं. मलाही. आम्ही तिघं हसलो. हसता हसता तो खोकला आणि आम्ही दोघी गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्यांच्या ओट्यावर येऊन बसले होते. चहा मागून घेतला होता त्यांनी. मावशीचा चेहरा असा फुललेला की आई रस्ता ओलांडून तिच्या अंगणात गेली आणि लांबूनच म्हणाली, "काल उतारा तू ठिवला हुतास ना?"

मावशीनं सड्याची बादली खाली ठेवली.

"माज्या पोरानं खाल्ला त्यो."

मावशी होती तिथंच, शेणसडा ओला असताना, मट्कन खाली बसली. आबा चहाची बशी हातात धरून दोघींकडे बघत राहिले. त्यांना उताऱ्याचं आधी माहीतही नव्हतं, ते तापाच्या गुंगीत असताना ओवाळलेलं.

दादा बंदरातून परत आला तेव्हा त्याला ताप होता. निघताना नव्हता, नाहीतर गेटवरच्या त्या कपाळाला लावायच्या पिस्तुलानं पकडला असता. घाट चढताना आला. यार्डाशी पोचतो तर यार्ड बंद. तिथला एक कामगार बाधित निघाला म्हणून कुलूप घातलेलं. बंदरावर परत घेत नव्हते. कस्टमचं सील असलेला कंटेनर रस्त्यात टाकून ड्रायव्हरनं निघून जाणं चालत नाही, ती जोखीम त्याच्या माथी. मी दिवसभर फोन करत होते. प्रत्येक जण सौजन्यानं बोलत होता आणि प्रत्येकाचा नियम बरोबर होता. शेवटी दादानं ट्रेलर आणून आमच्या शिवेबाहेर, करंजाजवळ उभा केला. शाळेत घ्या म्हटलं. उतारा कुणाचा हे आम्ही बोललो नव्हतो, पण दादानं खाल्ल्याचं गावात फुटलं होतं. समिती म्हणाली, उतारा खाल्लेला माणूस नको. हे मात्र कुठल्याच पत्रकात नव्हतं.

आशाताई लांबून येऊन बोटाला लावायचं यंत्र देऊन गेली. आकडा बरा आहे म्हणाली, पडून राहा, रुग्णवाहिका रिकामी झाली की पाठवू. तो केबिनमध्ये पडून राहिला. मी आणि आई बाभळीच्या अलीकडून दिवसभर बघत बसायचो. खिडकीतून त्याचा हात बाहेर आला की आम्हाला जीव यायचा.

आणि तो कंटेनर. गडद निळा, अंगावर आम्हाला न वाचता येणारी अक्षरं, दाराला बोटाएवढं सील. ऊन चढलं की त्याच्या आतून आवाज यायचा. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक, ठक. पत्रा तापला की वाजतो, मला माहीत होतं. यार्डात शेकडो कंटेनर वाजताना मी ऐकले आहेत. पण त्या दुपारी पाखरू ओरडत नव्हतं, रस्त्यावर काही नव्हतं, आणि तो आवाज कुणीतरी थांबून, ऐकून, पुन्हा दार वाजवावं तसा यायचा. समितीतल्या माणसांनी आपल्या खुर्च्या मागं नेल्या. गावात बोलू लागले, ह्यात परदेशातून काहीतरी आलंय. आत काय आहे ते कागद केल्यामुळे मला ठाऊक होतं. प्राणवायूच्या यंत्रांचे सुटे भाग होते. मी ते सांगितलंही. कुणाला खरं वाटलं नाही.

दादानंच एका रात्री मला फोनवर विचारलं, "तुला नक्की ठाव हाय ना, आत काय हाय ते?"

"हो रे."

"मग ते माज्या बाजूनं का वाजतंय?"

मला रडू आलं. भीतीनंच आलं. आजोबांच्या दगडावर बसून खोबरं खाल्लेली मी, पण त्या रात्री मला उताऱ्याचं सगळं पटलं होतं आणि माझा भाऊ मरणार असं वाटत होतं. तोही म्हणाला होता, "नारळ निराळा गं. ह्यो भात ओवाळलेला हुता." आईनं भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघणं बंद केलं होतं.

ताप उतरेना. आईनं ठेवलेल्या जेवणातले तो दोन घास खायचा आणि उरलेलं तसंच करंजाखाली राहायचं. कावळेसुद्धा शिवत नव्हते.

अशाच एका दुपारी दादा दोन घास खाऊन, गाडीच्या चाकाला धरत धरत परत केबिनमध्ये चढला. आम्ही बाभळीपाशी होतो. तेवढ्यात आईनं माझा हात घट्ट धरला. पलीकडच्या शेताच्या बांधावरून आबा येत होते. समितीला चुकवायला लांबचा वळसा घालून आले होते. धोतर, डोक्याला मुंडासं, तोंडाला काही नाही. चार दिवस अंथरुणात काढलेला माणूस, पण चाल अगदी सावकाश, शेताला पाणी सोडायला निघाल्यासारखी. समितीवाले ओरडले, "आबा, म्हागं फिरा!" ते करंजाखाली आले, शेंदराच्या दगडाशेजारी मांडी घालून बसले आणि दादाची उष्टी पत्रावळ त्यांनी पुढ्यात ओढली.

दादानं खिडकीतून डोकं काढलं. "आबा, नगा! उष्टं हाय माजं!"

"म्हनूनच," आबा म्हणाले. आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ आला, इतकं सगळं शांत होतं. "माजं हुतं ते तुज्याकडं ग्येलं. माजं मला दे. तू तुज्या आईकडं जा."

आणि त्यांनी खाल्लं. सगळं खाल्लं. भाकरीचे दादानं मोडलेले तुकडे, आमटीत कालवलेला भात, सांडलेली शितंसुद्धा वेचून. ज्या माणसानं आयुष्यात आमच्या घरचा पाण्याचा तांब्या तोंडाला लावला नाही, तो माझ्या भावाचं उष्टं बोटांनी निपटून खात होता. समितीवाले ओरडायचे थांबले. कंटेनरही त्या वेळी वाजला नाही, हे मला पक्कं आठवतं, कारण मी वाट बघत होते. खाऊन झाल्यावर आबांनी पत्रावळ दुमडून काखेत घेतली, दादाकडे बघून मान हलवली आणि आल्या वाटेनं निघून गेले. एकदाही मागं न बघता.

आई मात्र मोठमोठ्यानं रडत होती.

दादाचा ताप त्यानंतर उतरला. लगेच नाही, पण उतरला. यार्ड उघडलं, कंटेनर गेला, दादा शाळेत राहिला आणि मग घरी आला. आबांना त्याआधीच धाप लागली होती. रुग्णवाहिका त्यांच्यासाठी मात्र आली. मावशी शिवेपर्यंत मागं धावली, तिथून पुढं तिला जाऊ दिलं नाही. आबा परत आले नाहीत. त्यांचं तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही. सगळं तिकडेच उरकलं.

पुढं एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. ह्या आजारात मधे दोन-चार दिवस माणसाला बरं वाटतं आणि मग तो एकदम खालावतो. आबा तसे बरे झालेलेच नव्हते. दादाला बाधा बंदरावर किंवा यार्डात कुठंतरी आधीच झालेली असणार. भाताचा काही संबंध नाही. मला हे पटलं. अजूनही पटतं. त्या कंटेनरातले सुटे भागही नुसते भाग होते, त्यांनी कुणाचा श्वास चालला नसता, हेही मला समजतं. तरी त्यांचे कागद मी लवकर केले असते तर, ते आधी कुणी उतरवून घेतले असते तर, असं मनात येतंच आणि मग कामात माझी चिडचिड होते.

मावशीला मूलबाळ नाही. ती आता दुपारची आमच्याकडेच जेवते. आबांचं आडनाव सांगत फिरणाऱ्या भाऊबंदांनी नाकं मुरडली. तिनं त्यांना एका वाक्यात असं गप्प केलं की ते वाक्य मला इथं लिहिता येत नाही.

दादा गाडी चालवतोच आहे. पण त्या दिवसापासून तो ताटात काही उरू देत नाही. पोट भरलेलं असो, भाजी करपलेली असो, शेवटचं शीत टिपतो, ताट बोटानं पुसतो आणि मग उठतो. आम्ही कधी त्याला विचारलं नव्हतं. परवा आईनं आग्रह करून जास्तीचा भात वाढला, त्याला घास उतरेना. मी म्हटलं, "अरे, राहू दे ताटात, कोंबड्या खातील."

"न्हाई बा," तो म्हणाला, आणि दाराकडं बघितलं. ऊन अगदी डोक्यावर होतं. "उरलं की आबा येत्यात."

आई हातातला डाव धरून तशीच उभी राहिली. मला दाराकडं मान वळवायचा धीर होईना. मावशी समोरच जेवत होती. ती जेवायची थांबली. दादानं उरलेला भात गोळा करून घास केला आणि तोंडाशी नेला, तेव्हा तिनं हात पुढं करून त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे की रं थोडं," ती म्हणाली.

दादानं घास ताटात परत ठेवला. मग आम्ही चौघंही तिथंच बसून राहिलो आणि दार कुणी लावलं नाही.